बियाण्याच्या पिशवीला लेबल, मग भागीदारीला का नको? – नव्या उद्योजकांसाठी कायद्याचा पहिला पाठ



आपला जालना म्हणजे बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्या काळी 'स्टार्टअप' हा शब्द आपल्याकडे कुणाच्या तोंडी नव्हता. पण नवी कल्पना घेऊन, ती चालेल की नाही याची खात्री नसताना धंद्यात उतरणं म्हणजे स्टार्टअपच की!

आता बियाण्याची पिशवी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर लेबल असतं. वाणाचं नाव, लॉट नंबर, उगवणशक्ती, वापरायची मुदत, सगळं छापलेलं. दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी जाणता शेतकरी पक्कं बिल घेतो. पीक हाती येईपर्यंत बिल, पिशवी, लेबल आणि थोडं बियाणं जपून ठेवा, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. यात दुकानदाराला कधी अपमान वाटत नाही.

पण त्याच शेतकऱ्याचा मुलगा मित्रासोबत धंदा सुरू करतो तेव्हा काय म्हणतो? "आपल्यात कशाला कागद? आपण काय परके आहोत का?"

आजच्या पाठाचा मुद्दा एवढाच आहे: तुम्ही लिहून ठेवलं नाही, तर ती मोकळी जागा कायदा भरतो. आणि कायदा जे भरतो ते तुमच्या मनात असेलच असं नाही. चला, उदाहरणांनी समजून घेऊ.

१) तोंडी भागीदारीचं गणित

समजा, अ आणि ब या दोन मित्रांनी मोसंबीच्या रसाचा धंदा काढला. अ ने ८ लाख रुपये घातले, ब ने २ लाख. कागद काहीच केला नाही. वर्षाला ४ लाख नफा झाला. अ ला किती मिळतील?

बहुतेक जण म्हणतील, ३ लाख २० हजार. पण भारतीय भागीदारी कायदा, १९३२ म्हणतो की करार नसेल तर नफा समान वाटायचा. म्हणजे दोघांना २-२ लाख! तोटा झाला तरी तोही समानच.

आता ब ची बाजू पाहा. तो सकाळी सहापासून रात्रीपर्यंत राबला आणि अ महिन्यातून एकदा येऊन गेला. ब ला पगार मिळेल का? करारात लिहिलं नसेल तर कामाबद्दल वेगळा मोबदला मागता येत नाही. म्हणजे न लिहिल्याचा फटका दोघांनाही बसतो, बरं का!

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- धंद्यासाठी ब ने ६ लाखांचा माल उधार आणला आणि त्याच्याकडे पैसे नसले, तर देणेकरी पूर्ण ६ लाख अ कडून वसूल करू शकतो. भागीदारीत जबाबदारीला मर्यादा नसते. घरापर्यंत, शेतापर्यंत येते.
- भागीदारी संस्थेची नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसेल तर करारातल्या हक्कासाठी ग्राहकावर किंवा भागीदारावर दावा लावताना अडचण येते.
- करारात वेगळं लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. मागे राहिलेला मित्र आणि गेलेल्याची बायको-मुलं, दोघेही अडचणीत.

२) धंद्याचा साचा कोणता निवडावा?

- एकल मालकी: सर्वात सोपी. पण धंद्याचं कर्ज म्हणजे तुमचं कर्ज.
- भागीदारी: कमी खर्च, पण वर पाहिल्याप्रमाणे अमर्याद जबाबदारी.
- एलएलपी: २००८ च्या कायद्याने आलेला प्रकार. दोन भागीदार लागतात, जबाबदारी मर्यादित असते.
- प्रायव्हेट लिमिटेड कंपनी: कमीत कमी दोन सभासद. बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा असेल तर बहुधा हाच साचा लागतो. वार्षिक हिशेब आणि कागदपत्रं जास्त.
- एकल व्यक्ती कंपनी: २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्यालाही कंपनी काढता येते.

'मर्यादित जबाबदारी' हे शब्द वाचून लगेच निश्चिंत होऊ नका. बँक कर्ज देताना अनेकदा संचालकाची वैयक्तिक हमी मागते. ती सही केली की त्या कर्जापुरती मर्यादा संपली!

३) करारात काय काय लिहावं?

पहिला रुपया खर्च होण्याआधी हे लिहा. भांडण झाल्यावर लिहायला बसणं म्हणजे वरातीमागून घोडं.

१. कोणी किती पैसे, जागा, यंत्रं दिली
२. नफा-तोट्याची वाटणी
३. कोण कोणतं काम करणार, पगार किती
४. किती रकमेच्या वरच्या व्यवहाराला दोघांची सही लागेल
५. एकाला सोडायचं असेल तर किती दिवसांची सूचना, त्याच्या हिश्शाची किंमत कशी काढायची
६. मृत्यू किंवा मोठं आजारपण आल्यास काय
७. मतभेद झाले तर मध्यस्थ कोण

कंपनी असेल तर हिस्सा एकदम देऊन मोकळं होऊ नका. समजा, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हिस्सा मिळेल असं ठरवलं, तर सहा महिन्यांत सोडून जाणारा अर्धी कंपनी घेऊन जात नाही. याला 'वेस्टिंग' म्हणतात.

करार योग्य मुद्रांकावर, वकील किंवा सीएकडून तपासून घ्या. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि कमी उत्पन्न असणाऱ्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

४) नाव आणि निर्मिती कोणाची?

तुम्ही गावातल्या एका मुलाकडून ॲप आणि लोगो बनवून घेतला. पैसे दिले. मग मालक कोण? पैसे देणारा, असं आपल्याला वाटतं. पण तो तुमचा नोकर नसून बाहेरून काम करणारा असेल, तर कॉपीराइट साधारणपणे बनवणाऱ्याचाच राहतो. हक्क तुमच्याकडे यायचे असतील तर लेखी हस्तांतरण लागतं. काम देतानाच दोन ओळी लिहून सही घ्या.

धंद्याच्या नावासाठी ट्रेडमार्क नोंदणी असते. ती १० वर्षांसाठी मिळते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. नाव ठरवण्याआधी ते दुसऱ्याने नोंदवलंय का, हे ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर शोधा. बोर्ड, पिशव्या, गाडीवरचं नाव रंगवून झाल्यावर नोटीस आली तर सगळं पुसावं लागतं.

आपल्या जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव एकट्या कोणाच्या मालकीचं होत नाही. मानांकनाखाली माल विकायचा असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा आणि स्वतःचा ब्रँड वेगळा ठेवा.

५) उधारी वसूल कशी होणार?

नवा धंदा बुडतो तो पुष्कळदा विक्री कमी म्हणून नाही, तर पैसे अडकले म्हणून.

उत्पादन किंवा सेवा देणारा सूक्ष्म-लघु उद्योग असेल तर 'उद्यम' नोंदणी करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. २००६ च्या कायद्यानुसार अशा उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. मुदत लिहून ठरलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. मात्र पुरावा हवा. ऑर्डर, बिल आणि माल पोचल्याची सही, तिन्ही जपा.

चेक वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. मग समोरच्याला १५ दिवस मिळतात. त्यातही पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. "देतो, देतो" ऐकत बसलात तर तारीख निघून जाते.

६) जामीन, जमीन आणि घर

हा भाग सर्वात महत्त्वाचा. आपल्याकडे "फक्त सही कर, नावापुरता जामीन" असं सहज म्हटलं जातं. कायद्यात नावापुरता जामीन नसतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्याच मागे लागावं असं बंधन नाही.

म्हणून वडिलांचा सातबारा तारण ठेवण्याआधी घरात सगळ्यांसमोर एक वाक्य मोठ्याने बोला: "धंदा बुडाला तर हे शेत जाऊ शकतं." हे ऐकूनही घर तयार असेल तर पुढे जा. आधी जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. मुद्रा योजनेच्या कर्जाला तारण लागत नाही.

आणखी काही सवयी:

- धंद्याचं बँक खातं वेगळं. घरखर्चासाठी ठरलेली रक्कमच काढायची.
- सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडायची घाई नको.
- मामा-काकांकडून घेतलेले पैसे कर्ज आहेत की हिस्सा, हे त्याच दिवशी लिहा. पैसे बँकेतून घ्या.
- किती तोटा झाला की थांबायचं, तो आकडा आधीच ठरवा.

धंदा बंद पडणं म्हणजे माणूस नापास होणं नव्हे. पण लाजेपोटी आकडे लपवले की कर्जावर कर्ज चढतं. घरात एका तरी माणसाला खरा हिशेब माहीत असू द्या. झोप उडाली, मनात वाईट विचार यायला लागले तर 'टेली मानस'च्या १४४१६ या नंबरवर बोला. सेवा मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असते.

स्वाध्याय

खालील प्रश्नांची उत्तरं दोन्ही भागीदारांनी वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांना न दाखवता लिहा. मग कागद शेजारी ठेवा.

१. आपल्या धंद्यात माझा हिस्सा किती टक्के?
२. मला महिन्याला किती पैसे हवेत आणि कधीपासून?
३. मी उद्या सोडून गेलो तर मला काय मिळावं?
४. मी मेलो तर माझ्या घरच्यांना काय मिळावं?
५. किती लाख बुडाले की आपण थांबायचं?

उत्तरं जुळली तर करारनामा अर्धा तयार झाला. नाही जुळली तर अजूनच बरं, कारण अजून पैसे गुंतलेले नाहीत आणि मैत्रीही शाबूत आहे. बसा, चहा मागवा आणि बोला.