आधी धुराडं, मग शेगडी

सिरसाळ्याच्या शिवारात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून बांधाला लागतात, तुरी बडवून झाल्या की तुराट्यांच्या पेंढ्या रचल्या जातात, उसाचं पाचट बऱ्याचदा फडातच पेटवलं जातं. परळी तालुक्यात जळणाची वानवा नाही. हेच जळण भरडून, दाबून करंगळीएवढ्या कांड्या पाडल्या की झाले पेलेट. मोठे ठोकळे पाडले की त्यालाच बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. गॅसची टाकी महाग वाटू लागली की आपल्याच रानातल्या काडीवर चालणारी शेगडी घरात घ्यावी, असं कुणाला वाटलं तर त्यात वावगं काही नाही. पण ती घेणाऱ्यानं पहिला खर्च धुराड्यावर धरावा, असं माझं ठाम मत आहे. धूर कुठून बाहेर जाणार आणि ताजी हवा कुठून आत येणार, या दोन वाटा पक्क्या होईपर्यंत शेगडीचं मॉडेल पाहायलाही जाऊ नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पेलेटला धूरच होत नाही, मग धुराडं कशाला? आपल्याकडे हा समज पसरायला कारणही आहे. २००६ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बेतलेली ‘ऊर्जा’ नावाची पेलेट शेगडी बीपी या तेल कंपनीनं महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूत आणली. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं ती चालवली. सुमारे चार लाख घरांत ती पोचली. तिला धुराडं नव्हतं. बॅटरीवरचा लहान पंखा हवा फुंके आणि जाळ स्वच्छ दिसे. पण असा जाळ पंख्यावर अवलंबून असतो. बॅटरी उतरली, कांड्या दमट निघाल्या किंवा राख साचली की अर्धवट जळण सुरू होतं. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस पित्त झालं म्हणून आडवा होतो आणि तिथेच धोका वाढतो. गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरात माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्या गिझरची ज्योतसुद्धा निळीच असते. तेव्हा धूर दिसत नाही यावरून हवा चांगली आहे, असं कधीही धरू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त समजण्यासारखा वाटतो. आजी-पणजीनं सारा जन्म चुलीपुढे काढला, तिला काय झालं? बरंच काही झालं, फक्त त्याला चुलीचं नाव कुणी दिलं नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की फुप्फुसाचा सीओपीडी हा आजार विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही मोठ्या प्रमाणावर होतो आणि चुलीचा धूर हे त्याचं जगातलं एक प्रमुख कारण असावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० साली घरातल्या धुरानं जगभरात ३२ लाख माणसं गेली. शिवाय जुन्या माळवदाला साणं होतं, भिंतींना फटी होत्या. आता स्लॅब पडला, सरकत्या काचा आल्या, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा बसला. हा पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो आणि तिची भरपाई धुराड्यातून उलटी होऊ शकते. म्हणून शेगडीला लागणारी हवा वेगळ्या नळीनं थेट बाहेरून द्यावी, हा नियम आजच्या घरात पूर्वीपेक्षा अधिक लागू आहे.

आता प्रत्यक्ष बसवणं. ज्या पेलेट शेगडीत विजेचा पंखा धूर ढकलतो, तिच्या नळीत आतून दाब असतो. साध्या चुलीच्या धुराड्यात सांधा ढिला असला तर बहुधा खोलीतली हवा आत ओढली जाते. इथे धूर खोलीत फेकला जातो. म्हणून प्रत्येक सांधा उष्णता सोसणाऱ्या सीलंटनं बंद हवा आणि नळी पेलेटसाठीच बनवलेली, दुहेरी पत्र्याची हवी. उरलेला पीव्हीसी पाईप लावायचा मोह कृपा करून टाळावा. तो मऊ पडतो, गळतो आणि त्याचा स्वतःचा धूर विषारी असतो. नळी लाकडापासून किती लांब ठेवायची, हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते अंतर कमी करू नये. पत्र्यातून किंवा स्लॅबमधून नळी नेताना तिच्याभोवती धातूची मोकळी बाही ठेवावी, सिमेंटमध्ये ती थेट गाडू नये. आपल्या भागात जळणाची गंजी भिंतीला टेकवून रचायची सवय आहे; धूर निघतो त्या बाजूला ती रचू नये.

भिंतीला भोक पाडून हातभर नळी बाहेर काढली की झालं, असं सांगणारा मिस्त्री भेटेल. लोडशेडिंग असलेल्या गावात हे मुळीच पटत नाही. वीज गेली की कांड्या सरकवणारा स्क्रू थांबतो, पण भांड्यात पडलेल्या कांड्या धुमसत राहतात आणि ढकलणारा पंखा बंद पडलेला असतो. अशा वेळी धूर वर खेचायला फक्त नळीची उंची उरते. परळीच्या औष्णिक केंद्राची धुराडी उगाच आभाळाला टेकवलेली नाहीत. घरापुरतं बोलायचं तर नळी निदान पाच फूट सरळ उभी चढावी, वळणं कमी असावीत आणि तोंड गच्चीवर माणसाच्या डोक्याच्याही वर निघावं, कारण उन्हाळ्यात लोक तिथेच झोपतात. शेगडी इन्व्हर्टरवर घेतली तर उरलेलं जळण संपेपर्यंत पंखा चालू राहतो.

एवढं करूनही काम संपत नाही; बसवलेलं धुराडं साफ आणि धड ठेवावं लागतं. सरकारच्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद झाली आणि २००२ मध्ये तो बंद झाला. पुढे ओडिशात एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी धुराड्याच्या चुली दिलेल्या घरांचा चार वर्षं माग काढला. पहिल्या वर्षी बाईच्या छातीत जाणारा धूर कमी झाला, दुसऱ्या वर्षापासून तो फरक उरला नाही, कारण धुराडी साफ झाली नाहीत, फुटलेली दुरुस्त झाली नाहीत. आपल्याकडे ही अडचण दुप्पट आहे. परदेशी शेगड्या चांगल्या लाकडाच्या पेलेटवर बेतलेल्या असतात, त्यांची राख शेकडा एकापेक्षा कमी. पऱ्हाटी-तुराटीची राख त्याच्या कित्येक पट, आणि ती वितळून खडाही धरते. म्हणून पुस्तिकेत साफसफाईची जी मुदत दिली असेल, ती इथे निम्म्याहून कमी धरावी. पहिल्या वळणावर झाकण उघडून राख काढता येईल असा टी-जोड मागून घ्यावा.

हे सगळं शेगडीच्या किमतीत मोठी भर घालतं, हा शेवटचा आक्षेप खराच आहे. ती भर परवडत नसेल तर गॅसवरच राहावं किंवा पेलेटची शेगडी अंगणात, उघड्या पडवीत वापरावी. स्वस्त शेगडी बंद खोलीत, हा एकच पर्याय मी कुणाला सुचवणार नाही. पेलेटची पोतीही निजायच्या खोलीत रचू नयेत. युरोपात पेलेटच्या बंद कोठारांत नुसत्या साठ्यातून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडनं माणसं मेली आहेत. झोपायच्या खोलीजवळ या वायूचा बॅटरीवरचा अलार्म लावावा.

पावसाळाभर बंद असलेली शेगडी पेटवण्याआधी नळीच्या तोंडाशी पारव्यानं किंवा गांधीलमाशीनं घर केलं नाही ना, ते पाहावं. मग दारं-खिडक्या लावून, स्वयंपाकघरातला पंखा सुरू करून शेगडीचा पंखा चालवावा आणि जळती उदबत्ती एकेका सांध्यापाशी, शेगडीच्या दाराशी धरावी. तिचा धूर सांध्यापासून खोलीकडे ढकलला गेला, तर तो सांधा दुरुस्त होईपर्यंत शेगडीत कांडी घालू नये.