भय, चिंता आणि शोक : विकारांची ओळख

मनुष्यास शरीर जितके लवकर कळते तितके मन कळत नाही. ‘पोटात गोळा आला’, ‘जीव घाबरा झाला’, असे आपण सहज म्हणतो. परंतु हा गोळा भयाचा, चिंतेचा की शोकाचा, असे विचारल्यास पुष्कळांना उत्तर सुचत नाही. स्वतःच्या भावना ओळखण्याच्या व शब्दांत मांडण्याच्या या अडचणीला मनोवैद्य पीटर सिफनिऑस यांनी १९७० च्या दशकात ‘ॲलेक्सिथायमिया’ हे नाव दिले. भावनेसाठी शब्द नसणे, हा त्याचा अर्थ होय.

या तिन्ही विकारांत भेद आहे. भयाचा विषय समोर असतो, चिंतेचा पुढे असतो, शोकाचा मागे असतो. भोर-वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखातील दृष्टांत घेऊ. वेल्हे भागातील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले. भोरहून वरंधा घाट उतरल्यावर लागणाऱ्या महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळली. असे घडलेल्या मुलखात पावसाळी रात्री घरामागची माती सरकू लागली, तर होणारी धडधड हे भय होय. त्यावर उपाय एकच, तत्काळ घर सोडणे. नुसते आभाळ भरून आले तरी झोप उडते, ती चिंता. तिथे आपल्या हातचे काय ते करावे व उरलेले सोडावे. भाटघर, नीरा-देवघर वा गुंजवणीच्या पाण्याखाली ज्याची जमीन गेली, त्याच्या मनात शोक असतो. त्याला ऐकून घेणारा मनुष्य हवा. नाव चुकले की उपाय चुकतो. माती सरकत असता ‘चिंता करू नको’ म्हणणे प्राणघातक ठरेल.

शंका : स्मरण करणाऱ्याने विकारांकडे पाहावेच कशाला?

समाधान : न ओळखता दाबलेला विकार निवृत्त होत नाही, तो शरीरावाटे बोलू लागतो. सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यावर भटोबासांनी विरह दडपला नाही. ते लीळांचे स्मरण करीत राहिले. म्हाइंभटांनी त्यांना विचारून त्या लीळा लिहून घेतल्या व लीळाचरित्र सिद्ध झाले. दुःखाला शब्द मिळाले, म्हणूनच ते स्मरणास साह्य झाले.

यास्तव साधकाने रोज निजताना तीन प्रश्न करावेत : शरीरात काय जाणवले? त्याआधी काय घडले? त्या भावनेचे नाव काय? उत्तर न सापडल्यास गुरूंपाशी वा वडीलधाऱ्यांपाशी मोकळेपणाने निवेदन करावे. मात्र झोप, अन्न व कामकाज आठवडेच्या आठवडे बिघडले असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. औषध घेणे हा श्रद्धेचा उणेपणा नव्हे. ज्वराला काढा घेणारा साधक जसा धर्मापासून ढळत नाही, तसाच हाही ढळत नाही.