नल पॉइंटर : काय करावे, काय टाळावे

सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींना 'सीमध्ये नल म्हणजे काय?' असे विचारले, तर बरेच जण 'शून्य नंबरचा पत्ता' असे सांगतात. उत्तर एवढ्यावर थांबवू नका.

काय करावे

• अर्थ आधी पक्का करा. नल म्हणजे 'हा पॉइंटर कशाकडेच बोट दाखवत नाही'. कोडमध्ये पॉइंटरच्या जागी लिहिलेला ० ही भाषेची खूण आहे. मेमरीत कोणते बिट भरायचे, ते कंपायलर पाहतो. प्राइम ५० मालिकेच्या यंत्रांवर नल पॉइंटरसाठी सेगमेंट ०७७७७ वापरत, निदान पीएल/१ या भाषेत तरी. पण 'नल म्हणजे सगळे बिट शून्य' असे धरून लिहिलेला सीचा कोड इतका साठला, की पुढच्या मॉडेलांत सीपुरता नल शून्यावर आणावा लागला आणि तो तपासायला टीसीएनपी नावाची वेगळी इन्स्ट्रक्शन द्यावी लागली. चुकीच्या समजुतीपायी हार्डवेअर बदलले!

• लोकल पॉइंटर जाहीर करतानाच त्याला खरा पत्ता द्या, नाहीतर नल. ग्लोबल आणि स्टॅटिक पॉइंटर आपोआप नल होतात; लोकलमध्ये कचरा असतो.

• मॅलॉक, एफओपन यांनी काय परत दिले ते वापरण्याआधी तपासा. 'आधी' या शब्दाला इथे फार किंमत आहे. २००९ मध्ये लिनक्सच्या टन ड्रायव्हरमध्ये पॉइंटरमधून एक फील्ड आधी वाचले होते आणि नलची तपासणी पुढच्या ओळींत होती. जीसीसीने हिशेब केला : पॉइंटर वापरून झाला, म्हणजे तो नल नाहीच. त्याने ती तपासणी काढून टाकली आणि कर्नलला सुरक्षेचे भगदाड पडले.

• एक्झेक-एलसारख्या, आर्ग्युमेंटची संख्या ठरलेली नसणाऱ्या फंक्शनला शेवटचा नल कॅरेक्टर पॉइंटरचा कास्ट लावून द्या. नलची व्याख्या नुसता ० अशीही असू शकते; मग तो पॉइंटर म्हणून नव्हे, इंट म्हणून जातो. ६४ बिटांच्या यंत्रांवर इंट सहसा ३२ बिटांचाच असतो. उरलेल्या बिटांत काय असेल, सांगता येत नाही.

काय टाळावे

• स्ट्रिंग संपवणारे नल कॅरेक्टर आणि नल पॉइंटर यांची गल्लत करू नका.

• स्ट्रक्चरला मेमसेटने शून्य केले की आतले पॉइंटर नल झाले, असे समजू नका. आजच्या नेहमीच्या यंत्रांवर तसे होते. सीचे स्टँडर्ड मात्र हमी देत नाही.

• फ्रीच्या आधी नल तपासत बसू नका. फ्रीला नल दिलेला चालतो, १९८९ च्या स्टँडर्डपासून. फ्रीनंतर पॉइंटर नल केला तरी त्याच पत्त्याच्या इतर प्रती तशाच राहतात, हे विसरू नका.

• टर्बो सीवर सराव करू नका. यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' आणि टर्बो सीचा निळा पडदा यांवर आपल्याकडची एक पिढी शिकली. त्यात छोट्या मेमरी मॉडेलमध्ये नलवर लिहिले तरी प्रोग्रॅम पुढे चालायचा. ते लिखाण डेटा सेगमेंटच्या सुरुवातीला, टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँडच्या कॉपीराइटच्या मजकुरावर पडे. प्रोग्रॅम संपताना तो मजकूर बिघडलेला दिसला, की 'नल पॉइंटर असाइनमेंट' ही ओळ येई. चूक कोणत्या ओळीत, ते कळत नसे. लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्ट जागेवरच येतो आणि जीडीबी हा डीबगर नेमकी ओळ दाखवतो.

सी२३ मध्ये नलपीटीआर हा स्वतंत्र कीवर्ड आला आहे. तो वापरला तर वरचा कास्टही लागत नाही. जीसीसी १५ मध्ये तो कोणताही पर्याय न देता चालतो. नवा कोड त्यानेच लिहा.