पावसाळ्याआधी तळ्याच्या पाळीवरून एक चक्कर



लागणीचा हंगाम, खताची मात्रा, खोडव्याची निगा यांबद्दल आम्ही या पानावर नेहमी लिहितो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण उसाच्या पाण्याशी त्याचे नाते आहे.

आपल्या नांदेड-लातूर भागात चार-दोन गावांआड एखादा पाझर तलाव किंवा लहान साठवण तलाव असतोच. यातले पुष्कळ तलाव १९७२ च्या दुष्काळात, कामावर गेलेल्या आपल्याच वडीलधाऱ्यांनी डोक्यावर माती वाहून बांधले. बाकीचे पुढे रोजगार हमीवर झाले. म्हणजे कित्येक पाळी आता पन्नाशीच्या झाल्या आहेत. पोळ्याला बैल तिथेच धुतात, गणपती तिथेच बोळवतात, सुट्टीत पोरे तिथेच पोहतात, पाहुणे आले की संध्याकाळी पाळीवरच फिरायला नेतात. कंधारचा जगत्तुंग सागर तर राष्ट्रकूटांच्या काळातला, हजार वर्षांचा. तो पाहिला की वाटते, पाळ एकदा घातली म्हणजे कायमची झाली. तसे नसते. मातीची पाळ दरवर्षी थोडी झिजते, थोडी खचते आणि आतून पोखरलीही जाते.

गेल्या मे महिन्यात आम्ही कार्यक्षेत्रातल्या अशाच एका तळ्यावर गेलो होतो. सांडव्यावर वाळूची पोती रचून त्यावर माती लोटलेली दिसली. शेजारच्या सभासदांना विचारले, "मामा, हे कुणी केलं?"

"आम्हीच की, साहेब. दीड-दोन फूट पाणी जास्त राहतंय. तेवढीच मोटार चार दिवस चालती."

मामांचे काही चुकले असे त्यांना वाटत नव्हते. म्हणून आम्ही तिथेच पाळीवर बसून हिशोब मांडला, तोच येथे देतो. तळ्याचा पसारा सुमारे १५ एकर, म्हणजे ६ हेक्टर धरा. अर्धा मीटर पाणी जादा अडले तर ते ३०,००० घनमीटर, म्हणजे ३ कोटी लिटर होते. आकडा मोठा वाटतो. पण पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाकाठी हेक्टरी २०,००० ते २५,००० घनमीटर पाणी लागते. उन्हाने उडणारे आणि जमिनीत मुरणारे पाणी सोडून दिले तरी हे सारे तीन-साडेतीन एकर उसाचे पाणी. सात-आठ एकर ऊस ठिबकवर घेतला तर पोते न रचता जवळपास तेवढेच पाणी वाचते.

आता दुसरी बाजू पाहा. सांडवा २० मीटर लांब आणि पाळीच्या माथ्यापेक्षा १ मीटर खाली आहे असे समजा. पाणी माथ्याला टेकेपर्यंत असा सांडवा सेकंदाला सुमारे ३४ घनमीटर पाणी बाहेर टाकतो. त्यावर अर्ध्या मीटरची पोती रचली की उरलेल्या जागेतून जेमतेम १२ घनमीटर जाते. उंची निम्मी अडवली तर वाट निम्मी राहील असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती एक-तृतीयांशावर येते. राहिलेले पाणी पाळीवरून जाणार, आणि मातीची पाळ वरून वाहणारे पाणी सोसत नाही. पोती पुरात वाहून जातील म्हणावे, तर ती नेमकी कधी जातील याची हमी कोण देणार? गुजरातेत मोरबीजवळचे मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटले ते असेच. पूर सांडव्याच्या ताकदीबाहेरचा आला, पाणी दोन्ही बाजूंच्या मातीच्या भरावावरून गेले आणि मोरबी शहर बुडाले.

मामांनी पोती काढली. त्यांचा चेहरा मात्र पडला होता, हेही सांगितले पाहिजे.

पाळीच्या माथ्याबद्दल एक गोष्ट कारखान्यालाही लागू आहे. गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या जवळची वाट म्हणून पाळीवरून येतात. चाकोरी पडते आणि माथा मध्येच वीतभर दबतो. पूर आला की पाणी पहिल्यांदा तिथूनच ओसंडणार. येत्या हंगामापासून वाहनांना पाळीवरची वाट बंद करावी असे आम्ही शेतकी विभागातर्फे सुचवले आहे. सभासदांनीही आपल्या टोळीला तसे बजावावे.

दुसरा धोका आतल्या पाण्याचा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि खालच्या वाडीतली विसाच्या आसपास माणसे गेली. धरण २००० साली पुरे झालेले, म्हणजे आपल्या तळ्यांपेक्षा कितीतरी तरुण. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. पुढे खेकड्यांनी धरण फोडल्याचे विधान झाले आणि सारा महाराष्ट्र हसला. जबाबदारी खेकड्यांवर ढकलणे हसण्याजोगेच होते. पण खेकड्याचे आणि घुशीचे बीळ पाळीला चांगले नसते हे खरे आहे. बिळाने पाण्याची वाट कमी होते आणि वाट कमी झाली की पाण्याचा जोर वाढतो. वेड्या बाभळीची, लिंबाची मुळेही तेच करतात. मोठे झाड असेल तर ते आपल्या मनाने मुळासकट उपटू नये, खड्डा पडतो. इंजिनिअरला विचारूनच काढावे. पाळ फोडून पी.व्ही.सी. पाइप टाकणे तर सर्वांत वाईट, कारण पाइपाच्या कडेने पाणी वाट काढते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हाही दुखणे भरावाखालच्या पाणी सोडण्याच्या मोरीपाशीच सुरू झाले होते.

सगळीच गळती वाईट नसते. पायथ्याशी थोडे नितळ पाणी येणे हे मातीच्या धरणाचे नेहमीचे लक्षण आहे. काचेच्या पेल्यात ते पाणी धरा आणि घटकाभर ठेवा. तळाशी माती बसली तर पाळ आतून वाहते आहे असे समजा. नितळ असेल तर १५ लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते घड्याळ लावून मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. त्या दिवशी तळ्यात पाणी किती होते तेही लिहा. तळे तेवढेच भरलेले असताना बादली आधीपेक्षा लवकर भरू लागली तर पत्र लिहायची वेळ झाली.

दुष्काळानंतरच्या पहिल्या पावसात अधिक जपावे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरले. काळ्या मातीचा भराव अशा उन्हात तडकतो. भेगा मिटायच्या आत तळे झपाट्याने भरले तर पाणी त्या भेगांतच शिरते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रावणगाव, हसनाळ या गावांत पाणी शिरले आणि लष्कर बोलवावे लागले. आपल्याकडे पाऊस कसा पडू शकतो हे त्यावरून कळते.

गढूळ पाणी उसळताना दिसले तर तिथे चिखलमाती कोंबू नका. पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी खडी असा थर टाका, म्हणजे पाणी जाईल पण माती अडेल. विमोचक उघडा, खालच्या वस्तीला उठवा, आणि तलाठी व जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. वस्ती आधी, वाळू मागून.

पत्र कुणाला लिहायचे? संसदेने २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा केला, पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या ठराविक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू आहे. आपली बहुतेक तळी त्याच्या बाहेर राहतात. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाची तळी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतात. त्यापुढची मृद व जलसंधारण नाहीतर जलसंपदा विभागाकडे. तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. नक्कल आमच्या गट कार्यालयात चिटबॉयकडे दिली तर कारखान्यातर्फेही पाठपुरावा करू.

पाळीवर जाताना गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या. ७२ साली तिथे माती वाहिलेली माणसे आता सत्तरीपुढची आहेत. पाळ पडण्याआधी मूळ नाला नेमका कुठून जात होता ते त्यांना विचारा, आणि पायथ्याशी तेवढ्या जागी खुंटी ठोका. गळती बहुधा तिथेच आधी दिसते, आणि ती जागा अजून दाखवू शकणारी माणसे थोडीच उरली आहेत.