मळीपासून औषधाच्या कड्यापर्यंत



रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारासाठी आपल्याकडील रोग्यांना पनवेलजवळ खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक' संस्थेत जावे लागते. या रोगाच्या 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' नावाच्या प्रकारावर इमॅटिनिब ही गोळी देतात. अशा औषधांचे आपल्या मळीशी दूरचे नाते आहे. ते कसे, हे या लेखात पाहू. (मळी म्हणजे मोलॅसिस. शेतात टाकतो ती प्रेसमड नव्हे.)

कडे म्हणजे काय?

सहा जणांनी हात धरून फेर धरावा, तसे सहा अणू जोडले की कडे तयार होते. पाच कार्बन व एक नायट्रोजन असेल तर त्यास पिरिडिन म्हणतात. १८४९ च्या सुमारास अँडरसन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने ते हाडांच्या तेलातून वेगळे काढले. पुढे ते दगडी कोळशाच्या डांबरातून मिळू लागले. पण तो साठा तुटपुंजा.

कडे कसे बांधतात?

एक टन मळीपासून आसवनीत सुमारे २२० लिटर अल्कोहोल निघते. त्यातला हायड्रोजन काढला की अ‍ॅसिटाल्डिहाइड होते. त्याच्या एका रेणूत २ कार्बन. असे २ रेणू, फॉर्माल्डिहाइडचा १ रेणू आणि अमोनिया यांची वाफ सुमारे ४०० अंशांवर उत्प्रेरकावरून सोडतात. हिशेब सोपा आहे : २ + २ + १ = ५ कार्बन; नायट्रोजन अमोनियाचा. पाणी बाहेर पडते व कडे जुळते. ही रीत रशियन शास्त्रज्ञ चिचिबाबिन यांच्या नावाने ओळखतात. अमोनिया तोच, ज्याचा रायगड जिल्ह्यातच थळच्या कारखान्यात युरिया होतो. मळीच्या अल्कोहोलापासून पिरिडिन करण्याचा मोठा उद्योग उत्तर प्रदेशात गजरौला येथे उभा राहिला.

याच भट्टीत ३-पिकोलिन हा भाऊबंदही मिळतो. त्यापासून ३-अ‍ॅसिटिलपिरिडिन करता येते आणि तेथून इमॅटिनिबची वाट सुरू होते. पुढे त्यावर दुसरे कडे बांधतात. एका तुकड्यात ३ कार्बन, दुसऱ्यात नायट्रोजन-कार्बन-नायट्रोजन. दोन्ही टोके जुळली की सहाचे पिरिमिडिन कडे पूर्ण.

याचा आपल्याला काय उपयोग?

ही विद्या आपल्या देशातील कारखान्यांनी आत्मसात केली होती. म्हणून मूळ गोळीचा खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये असताना देशी गोळी ८ ते १० हजारांत मिळू शकली. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचे पेटंटचे अपील फेटाळले, आणि देशी गोळीचा मार्ग मोकळा राहिला.

तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. शिळ्या उसातली साखर जंतू खातात. मग तिची ना साखर होते, ना अल्कोहोल. मळीचा भाव व तिचे पुढे काय होते, हे वार्षिक सभेत जरूर विचारा. तो आपला हक्कच आहे.

दुसरी त्याहून महत्त्वाची. घरात कुणाला ही गोळी चालू असेल, तर बरे वाटले म्हणून मनानेच बंद करू नका. ती रोज घ्यावी लागते. बंद करायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.