शिवथेरियम : शिवालिकच्या खडकातील साक्षीदार

जिराफ आज केवळ आफ्रिकेच्या रानात आढळतो. परंतु त्याच्याच कुळातील एक महाकाय खूरधारी प्राणी सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी हिमालयाच्या पायथ्याशी चरत होता. शिवथेरियम हे त्याचे शास्त्रीय नाव. ‘शिव’ या देवनामाला प्राणी या अर्थाचा ग्रीक शब्द जोडून ते तयार झाले.

या प्राण्याचा शोध मोठा उद्बोधक आहे. प्रोबी कॉटली हे दोआब कालव्याचे अभियंता, तर ह्यू फाल्कनर हे सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक. आपापले शासकीय काम सांभाळून या दोघांनी शिवालिक टेकड्यांतील अश्मीभूत हाडे जमविली आणि १८३६ मध्ये शिवथेरियमचे वर्णन प्रसिद्ध केले. या कार्याबद्दल लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने १८३७ मध्ये दोघांना वोलॅस्टन पदक दिले.

शिवथेरियमची खांद्यापाशी उंची दोन मीटरहून अधिक होती. मान मात्र जिराफासारखी लांब नव्हती. डोळ्यांवर शंकूच्या आकाराची लहान शिंगे आणि त्यांच्या मागे रुंद, फाटे फुटलेली मोठी शिंगे अशा दोन जोड्या होत्या. प्रारंभी त्याची कल्पना हत्तीएवढी केली गेली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र हाडांच्या मापांवरून त्याचे वजन सुमारे १,२५० किलोग्रॅम असावे, असा अंदाज निघाला. जुनी हाडे जपून ठेवली होती, म्हणूनच ही फेरतपासणी शक्य झाली.

हिमाचल प्रदेशातील सुकेती येथे १९७४ मध्ये जीवाश्म उद्यान स्थापन झाले. तेथे शिवथेरियमची पूर्णाकृती प्रतिकृती पाहावयास मिळते.

प्राचीन प्राण्यांचे अवशेष शिवालिकमध्येच मिळतात, असे नाही. शिवथेरियम नव्हे, तरी त्यानंतरच्या काळातील हत्ती आणि रानबैल यांची अश्मीभूत हाडे आपल्या गोदावरी खोऱ्यातील जुन्या गाळातही सापडली आहेत. विहीर खणताना किंवा नदीचा काठ ढासळल्यावर दगडासारखे जड हाड दिसले, तर ते फोडू नये व घाईने उपसूही नये. हाड कोणत्या थरात व किती खोलीवर होते, यावरूनच त्याचा काळ ठरविण्यास मदत होते. जागा सोडलेले हाड आपली निम्मी साक्ष गमावते.

अशा वेळी ग्रामपंचायतीने जागेची नोंद करून, छायाचित्र घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा पुण्याचे डेक्कन कॉलेज यांना कळवावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ती जागा दाखवावी. कालव्यावरील एका अभियंत्याने जे केले, ते जागरूक गावालाही अशक्य नाही.