आधी एक फोल्डर नीट लावा

सीईटीचा निकाल लागला, की अमरावती-अकोल्याच्या पालकांचा ठरलेला प्रश्न येतो : ‘सर, पोराले एआयले टाकू काय?’ माझं उत्तरही ठरलेलं आहे. इतक्यात नाही.

कॉम्प्युटर, आयटी, बीसीए हे रस्ते ठीकच आहेत. प्रवेशाची माहितीपुस्तिका वाचली की कळतात. माझी हरकत आहे ती बारावी होताच उसनवारी करून लावलेल्या ‘एआय’ क्लासला.

त्याआधी पोराला एक काम सांगा. कपाशीच्या झाडांचे शंभरेक फोटो मोबाइलवर काढायचे आणि एका फोल्डरमध्ये ठेवायचे. पायथन आणि त्याची पिलो ही लायब्ररी, दोन्ही फुकट मिळतात. प्रत्येक फोटो उघडायचा, लहान करायचा, तारखेचं नाव देऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचा. प्रोग्राम वीसेक ओळींचा.

खरी गंमत पुढेच आहे. फोटोतली तारीख जशीच्या तशी नावात घातली तर विंडोज नाकारतं, कारण तिच्यात कोलन असतात. उभे काढलेले फोटो आडवे होतात, कारण फोनने दिशा वेगळी नोंदवलेली असते. एक खराब फाइल आली की सगळं काम मध्येच थांबतं. त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने जतन केलं, तर मूळ फोटो गेलेच म्हणून समजा. अशा वेळी पोरगं एरर वाचत बसतं, की चॅटजीपीटीचं उत्तर चिकटवून मोकळं होतं? कल तिथे दिसतो.

आता सगळे विसरतात तो पर्याय : बी.एस्सी. कृषी आणि जोडीला एवढं पायथन. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. शेतीची जाण का लागते, ते कपाशीतच पाहा. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत बसते; बाहेरून काढलेल्या फोटोत ती दिसत नाही, फुलोऱ्यात दिसते ती डोमकळी, म्हणजे अळीमुळे न उमललेलं फूल. डोमकळी ओळखता न येणारा फोटोंना लेबलं चुकीची लावणार आणि त्यावर शिकलेलं मशीनही चुकणार. मेळघाटात ट्रॅप कॅमेऱ्यांचे फोटो निवडायचे, तरी जनावर ओळखणारा माणूस लागतोच.

शेजारच्या पोराचं पुण्यातलं पॅकेज हा तुमच्या पोराचा कल नव्हे. तो दाखला घरात रोज देणं बंद करा. पंधरा दिवसांत त्याला या कामाचा कंटाळा आला, तर ते नापास झालं असं समजू नका. क्लासची फी वाचली. आता त्याला काय करायचंय, ते त्यालाच विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका.